मामांच्या खिशातली काडेपेटी

"तोंड उघड, छबू."

तिनं उघडलं नाही. पानवेलाच्या बुडाशी उकिडवी बसली होती, एक हात पाठीमागं लपवलेला, आणि नुसती मान हलवत होती. मी तिच्यासमोर बसले, हनुवटी धरली आणि गालात बोटं रुतवली. तेव्हा कुठं तोंड उघडलं. दातांवर, जिभेवर काळी ओली माती.

"अगं भवाने, घरात भाकरी न्हाई व्हय?"

"भाकरी जात न्हाई, आक्का," ती म्हणाली. "ही जाती."

छबू माझी धाकटी जाऊ. दिनकर भावजींची बायको. लग्नाला चार वर्षं झालेली, पदरात पोर नाही. ती बावीसची असेल, मी अठ्ठावीसची. मी शालन, त्या घरातली थोरली सून. तोंडानं फटकळ म्हणून गावभर नाव होतं माझं, आणि ते खोटं नव्हतं. पण जिथं बोलायचं तिथं हे तोंड उघडलं नाही. ते का, तेच सांगायला बसलेय.

मिरजेच्या पूर्वेला आमचा वीस गुंठ्यांचा पानमळा. खायच्या पानांचा. शेवरीच्या नि शेवग्याच्या झाडांवर वेल चढवलेले, आत भर दुपारी सावली, आणि जमीन बारा महिने ओली. पानमळा म्हणजे देवाचं ठिकाण, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. चप्पल बांधावर काढायची आणि अनवाणी आत जायचं. बाईची अडचण असली की चार दिवस मळ्याकडं बघायचं सुद्धा नाही. मळ्यात राबणाऱ्या सगळ्यांच्या पायांच्या बोटांत खाज सुटायची, बारीक पुरळ यायचं. त्याला आम्ही मळ्याची खाज म्हणायचो आणि खोबरेल लावून कामाला लागायचो.

मातीचं मी सासूला सांगितलं. आत्याबाईंचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"माती खातीया? आणि दोन महिने बाहेर बसली न्हाई? अगं बया, डोहाळं हायत ती! तिला वरडू नगंस. खाऊ दे काय खाती ते."

त्या दिवसापासून छबूच्या हातात गूळ काय, शेंगा काय. भावजी लाजून मळ्यातच जेवायला लागले. छबू मात्र मला हळूच म्हणायची, "आक्का, माझ्या पोटात पोर न्हाई. पोर असं दुखतंय व्हय?"

"कसं दुखतंय?"

तिनं बेंबीच्या वर चार बोटं ठेवली. "हितं. आतनं कुणीतरी कुरतडल्यागत. जेवलं की पोट टम्म फुगतंय, न्हाई जेवलं की जळतंय. कधी चारदा जावं लागतंय, कधी तीन-तीन दिस न्हाई. आणि होती ती काळी, डांबरावानी."

मी म्हटलं, पहिलटकरीण आहे, घाबरतेय. बारा दिवसांनी ती बाहेर बसली. आत्याबाईंनी गुळाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. टोमणे मात्र चालू. "सोंगं करती. काम नगं म्हणून पोट धरून बसती." भावजी आईसमोर खाली मान घालायचे. त्यांच्यासाठी दुसरी बघायची, अशी कुजबुज मी माझ्या कानांनी ऐकली.

बेंबी सरकली असेल म्हणून गावातल्या एका म्हातारीकडनं पोट चोळून घेतलं. ओवा झाला, शेंदेलोण झालं, राख लावून झाली. कशाचा गुण नाही. छबूचा रंग उतरत चालला. ओठ, नखं, हाताचे तळवे, सगळं पांढरंफटक. पाण्याची घागर घेऊन चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकून उभी राहायची. शेवटी सासरेच म्हणाले, "उद्या दवाखान्यात न्या तिला. लेक कुणाची का असंना, आपल्या दारात हाय."

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बोलणं मोजकं. पहाटे मळ्याची पूजा करायचे, मग वेलाला हात. पानांची कवळी, म्हणजे जुडी करून, केळीच्या पानात बांधून, पानांचा डाग, म्हणजे गठ्ठा, सायकलीला लावायचा आणि एक दिवसाआड मिरजेच्या बाजारात. तीस वर्षं हाच नेम. सरकारी दवाखाना त्याच वाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी छबूला सायकलीच्या कॅरेजवर बसवलं, मी मागनं चालत. दवाखान्यात शिकलगार डॉक्टर होते, नवीनच आलेले, तरणे आणि मोठ्या आवाजाचे. तपासायला दुसरा माणूस नव्हता, सुई टोचण्यापासून दुर्बिणीत बघण्यापर्यंत सगळं तेच करायचे. मामा बाहेर सायकलीजवळ थांबले. डॉक्टरांनी छबूच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि माझ्यावरच खेकसले.

"हिच्या अंगातलं रक्त कुणी पिलं? आणि इतके दिवस काय करत होता?"

मी छबूचा पदर सारखा केला.

"काम काय करते?"

"पानमळ्यात. माती घालायची, वेल बांधायचं."

"अनवाणी?"

"देवाच्या ठिकाणी चप्पल कशी घालायची, डॉक्टर?"

"आणि परसाकडं कुठं जाता?"

आता हा प्रश्न काय! मी पदर तोंडाला लावला. "मळ्याच्या कडंला. वगळीत, ओघळ हाय तिथं."

"आणि वगळीचं पाणी मळ्यात उतरतं." त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "म्हणजे जंत. साधे नव्हेत, आकड्यासारखं तोंड असलेले. तळपायातनं आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि बसतात रक्त पीत. पोटात दुखणं, फुगणं, काळं होणं, माती खाणं, सगळं त्यानंच. पण बघितल्याशिवाय मला गोळ्या देता येत नाहीत. वरनं मोजून येतात, ज्याच्यात निघेल त्यालाच द्यायच्या. उद्या सकाळचा संडास पाठवा. काडेपेटीत घाला, सुपारीएवढा पुरे. अंडी दिसली की लगेच गोळ्या देतो."

छबूनं जमिनीकडं बघत विचारलं, "मी बरी हुईन?"

"होशील की. न व्हायला काय झालं?"

परतताना मी मामांना एवढंच म्हटलं, "उद्या एक डबी द्यायची हाय दवाखान्यात." ते म्हणाले, "दे." डबीत काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सासऱ्याला हे सांगायचं तरी कसं?

घरी आत्याबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"काय बोलतीस शालन? ह्यांच्या खिशात? पानांच्या डागासंगं? लग्नाची पानं असत्यात ती, देवाच्या विड्याची असत्यात. सुनेची घाण सासऱ्यानं वागवायची? आगं, मळा बसंल आपला!"

"मग मी जाते चालत."

"आणि उद्या पानं कोण खुडणार? माझं काय सांगू नगंस. तू बघ काय करायचं ते."

सकाळी मी काडेपेटीतल्या काड्या वाटीत ओतल्या आणि रिकामी पेटी छबूला दिली. ती गेली आणि बऱ्याच वेळानं आली. पेटी फडक्यात गुंडाळलेली, डोळे रडून लाल. "आक्का, तुझ्याशिवाय कुणाच्या हातात दिली नसती बघ," म्हणाली, आणि राखेनं तीनदा हात धुतले.

मी पेटी घेऊन घराच्या कोपऱ्याला उभी राहिले. समोर अंगणात मामा सायकलीला डाग बांधत होते, पानांवर पाणी शिंपडत होते. अंगात धुतलेला सदरा, कपाळावर अंगारा. माझ्या हातात ती पेटी. खरं सांगते, मला शिसारी आली नाही, मला लाज वाटली. वाटलं, हा माणूस मळ्यात पाऊल टाकायच्या आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावतो, त्याच्या खिशात मी हे कसं घालू?

तेवढ्यात माझी उजू रडली. उज्ज्वला, माझी लेक, दहा महिन्यांची. अजून अंगावर पीत होती, जमिनीला पाय लागलेले नव्हते तिचे. दुपट्यावर शी करून बसली होती. लेकराच्या शीला कोण घाण म्हणतं? त्याच हातानं आपण घास घेतो.

माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. छबूनं दिलेलं मी उकिरड्यावर टाकलं, पेटी पुसली, आणि उजूचं त्यात भरलं. कागदात गुंडाळलं, लव्हाळ्यानं बांधलं आणि मामांना नेऊन दिलं. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, तंबाखूच्या चंचीशेजारी. मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं! मनात म्हटलं, डॉक्टर काय, बघून नाक मुरडणार आणि गोळ्या देणार. कुणाचं का असेना. घाणीत काय वाचायचं असतं?

छबूचं वाईट व्हावं असं माझ्या मनात तीळभर नव्हतं. हे मी देवासमोर सांगेन. पण देवानं विचारलं नाही कधी.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. या खेपेला मामा आत बाकावर येऊन बसले. डॉक्टर वहीत बघून गोंधळलेले.

"काही निघालं नाही. तीन काचा बघितल्या. एक अंडं नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि इतकं पिवळं कसं? ही तर काळं म्हणत होती."

"ताकभात खाती ती," मी म्हटलं. कसं सुचलं मलाच ठाऊक नाही.

"तिचंच होतं ना?"

मागं बाकावर मामा. शेजारी छबू. मला वाटलं, आता सांगावं. पण मग हेही सांगावं लागणार होतं की मामांच्या खिशातनं मी दोन कोस काय पाठवलं.

"तर काय," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

डॉक्टरांनी एक सुस्कारा सोडला. "मग आतड्यात दुसरं काही असेल. मला इथं कळणार नाही. मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, दुर्बीण घालून बघतील. उशीर करू नका. तोवर ह्या रक्ताच्या गोळ्या."

वाटेत छबू सायकलीवर बसली होती, मी मागनं हात लावून. मामा पुढं हँडल धरून चाललेले. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मग मला काय झालंय, आक्का?"

"हुईल बरं."

"मला खरंच दुखतंय. मी सोंग करत न्हाई. तू तरी मानतीस न्हवं?"

"मानते गं," मी म्हटलं, आणि रस्त्याकडं बघत राहिले.

घरी आत्याबाईंना आयतंच कोलीत मिळालं. "डॉक्टरनं पन सांगितलं, काय न्हाई म्हणून! शास्त्रात निघालं न्हाई. आता तरी उठ की." रक्ताच्या गोळ्यांनी छबूचं पोट आणखी दुखायला लागलं, तर चौथ्या दिवशी आत्याबाईंनी त्या पुडीसकट चुलीत घातल्या. मिरजेला न्यायचं ठरलं, पण शिमगा तोंडावर आला होता. शिमग्याच्या आगेमागे पानमळ्याची उतरण असते. वर्षभर वाढलेले वेल झाडावरनं खाली घ्यायचे, गुंडाळी करून मातीत पुरायचे, शेंडे परत वर चढवायचे. मळ्यातलं सगळ्यात मोठं काम. उतरणीला माणूस मोकळा सुटत नाही. भावजी म्हणाले, "उतरण झाली की नेतो." मामा म्हणाले, "आठ दिसाचा तर प्रश्न हाय." आणि मी काय म्हटलं? मी काहीच म्हटलं नाही.

पण मला झोप लागेना. शेवटी एका संध्याकाळी मी छबूला गोठ्यात गाठलं.

"छबू, उद्या सकाळी परत एकदा दे. काडेपेटीत. मी स्वतः नेते चालत. कुणाला कळायचं न्हाई."

ती शेणाची पाटी खाली ठेवून हसली. कसनुसं हसली. "नगं आक्का. एकदा दिली तवाच लाजंनं मेले मी. परत न्हाई निघालं तर आत्याबाई गावभर सांगतील. एकदा बघितलं न्हवं डॉक्टरनं?"

"परत बघू दे की. कधी कधी चुकतंय त्येंचं."

"डॉक्टरचं चुकतंय?"

आता एकच वाक्य बोलायचं होतं. डॉक्टरचं नाही, माझं चुकलं. ते तुझं नव्हतंच. एवढंच. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या, फार तर महिनाभर बोलली नसती. पण जिनं मला 'तुझ्याशिवाय कुणाच्या हातात दिली नसती' म्हटलं, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की ते मी उकिरड्यावर फेकलं?

"बरं, ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

उतरणीच्या तिसऱ्या दिवशी, ऊन माथ्यावर यायच्या आधीच, छबू मातीची पाटी डोक्यावर घेऊन सरीतनं आली आणि उभ्याची बसली. पाटी पुढं उलटली. मी धावले. तिचे पाय सुजून खांबासारखे झालेले, छाती लोहाराच्या भात्यागत वर-खाली. "काय दिसंना," म्हणाली. भावजींनी बैल जुंपले. आम्ही तिला गाडीत घातली, डोकं माझ्या मांडीवर. गाडी हलली तशी ती उठायला बघायला लागली.

"काय पायजे?"

"माझी चप्पल बांधावर राहिली, आक्का."

"मी आणते मागनं. गप पड तू."

"नवीन हाय. कुणीतरी नेईल."

दवाखान्यापर्यंत पोचलो तेव्हा श्वास होता. डॉक्टरांनी तिला गाडीतनं स्वतः उचलून बाकावर घेतलं. लुगडं मागनं काळं झालं होतं. ते ओरडत होते, मिरजेला फोन लावा, रक्त लागेल, गाडी बघा. आमच्याकडं कुणाकडं गाडी? एक ट्रक अडवला भावजींनी. तो येऊन दारात उभा राहीपर्यंत छबू गेली. काही बोलली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. डॉक्टर तिच्या मनगटावर बोटं ठेवून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मग उठून कापसाचा बोळा घेतला, तिच्या लुगड्याला पुसला आणि आत गेले. तेव्हा मला कळलं नाही ते काय करतात.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ते फटफटीवरनं आमच्या अंगणात आले. चहा नको म्हणाले. मामा ओसरीवर होते, त्यांना म्हणाले, "काका, घरातल्या सगळ्यांचं बघायचंय. लहान मुलीचं सुद्धा. उद्या काडेपेट्या पाठवाल?"

"कसल्या काडेपेट्या?"

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, संडास, जंत बघायला, मागं सुनेचं पाठवलं होतं तसं. मी दाराआड उभी होते. आता मामा भडकणार, असं वाटलं.

मामा म्हणाले, "व्हय, आणतो की. पानं घिऊन येतोच मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः गावातनं काडेपेट्या आणल्या, सगळ्यांना वाटल्या, गोळा केल्या आणि एकेक करून सदऱ्याच्या खिशात भरल्या. त्यांची, आत्याबाईंची, भावजींची, माझ्या मालकांची, माझी, उजूची. त्याच खिशात चंची. सायकलीला पानांचा डाग. आत्याबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. सायकल वळणापलीकडं गेली तरी मला तिथनं हलता येईना.

दोन दिवसांनी मामा मला म्हणाले, "चल, डॉक्टरनं तुला बोलावलंय."

डॉक्टर आज ओरडत नव्हते. त्यानंच मला जास्त भीती वाटली. वही उघडी होती.

"सगळ्यांच्यात आहेत," ते म्हणाले. "कमी-जास्त, पण सगळ्यांच्यात. तुमच्यात पण. फक्त मुलीचं स्वच्छ. ती मळ्यात उतरलेलीच नाही." मग त्यांनी मागची चार पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "सुनेचंही असंच स्वच्छ होतं. पण ती गेली त्या दिवशी लुगड्यावरचं मी काचेवर घेतलं, तर काच अंड्यांनी भरली होती. पंधरा दिवसांत एवढी येत नाहीत, बाई. मग त्या दिवशी कुणाचं आणलं होतं?"

मामा माझ्या शेजारी बाकावर होते. आता लपवून कुणाला वाचवायचं होतं?

"उजूचं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी वही मिटली. खिडकीकडं बघत म्हणाले, "तीन दिवस. सकाळी एक, संध्याकाळी एक. सहा गोळ्या, आणि रक्ताच्या वेगळ्या. शिमग्यापर्यंत हिंडती फिरती झाली असती." मग उठले, कपाट उघडलं आणि आमच्या गोळ्या मोजायला लागले.

येताना मामा सायकल हातात धरून चालत होते. मी मागं. अर्ध्या वाटेवर ओढा आला, तिथं थांबले.

"शालन, डबीतलं तू का बदललंस?"

"तुमच्या खिशात कशी घालू, मामा? पानांसंगं. देवाची पानं."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं.

"मी नेणार न्हाई, असं तुला कुणी सांगितलं?"

त्यांनी सायकल झाडाला टेकवली.

"आगं, म्हातारीचं शेवटचं सहा महिने मी ह्या हातानं काढलंय. माझ्या आईचं. आणि मग त्याच हातानं मळ्याची पूजा केली. वेलाच्या बुडात काय घालतो आपण? शेणच न्हवं?" त्यांचा आवाज चिरकला. "डोक्यावरनं नेलं असतं गं पोरी. नुसतं इचारायचं तरी."

पुन्हा सायकल ढकलायला लागले. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आत्याबाईंकडं नाही, भावजींकडंही नाही. भावजींचं त्याच वैशाखात दुसरं लग्न झालं. ती पोरगी घरात आली, पहिल्या दिवशी बांधावर चप्पल काढून मळ्यात शिरली, आणि मी बघत राहिले. एकदा म्हटलं मी तिला, चप्पल घालून जा. आत्याबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, आणि ती पोरगीही हसली. डॉक्टरांनी मामांना संडास बांधायला सांगितला होता. तोही पुढं चौदा वर्षांनी झाला. शिकलगार डॉक्टरांची बदली त्याच्या कितीतरी आधी झाली होती.

छबूची चप्पल मी दुसऱ्या दिवशीच बांधावरनं आणली होती. कुणी नेली नव्हती. तिच्या माहेरी पाठवायची हिंमत झाली नाही, आणि टाकवलीही नाही. कुठल्या तरी दिवाळीला घर सारवताना आत्याबाईंनी टाकली असावी.

मामा जाऊन आता वीस वर्षं झाली. जायच्या आधी आठ दिवस त्यांचं सगळं अंथरुणातच होतं, आणि ते मी काढलं. एक दिवस ते माझा हात धरून म्हणाले, "लाज वाटत न्हाई न्हवं तुला?" मी म्हटलं, नाही. त्यांनी डोळे मिटले.

गोळ्या मात्र मी घेतल्या त्या वेळी. सहाच्या सहा. मलाही पोटात बारीक बारीक दुखायचं, जेवलं की फुगायचं, ते आधी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. चौथ्या दिवसापासनं ते सगळं थांबलं. भूक लागायला लागली. आज माझं वय पासष्ट, आणि त्या दिवसापासून माझं पोट कधी दुखलेलं नाही.